तुळईतली नाल

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की मी स्वयंपाकघर तिला देऊन टाकते. विहिरीत वाकून पाहत नाही. जिना उतरताना कठडा सोडत नाही. अशा बाईच्या पदरी देवानं आभाळात उडायची हौस असलेला नवरा घातला. माझं माहेर घनसावंगीकडचं, ऊस आणि कापूस सोडून दुसरं काही न बघितलेलं. स्थळ आलं तेव्हा सांगितलं गेलं की मुलगा जालन्याला तांत्रिक शाळेत शिकवतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. ग्लायडरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांब तारेनं ओढून ते वर न्यायचं, वर गेलं की तार सोडून द्यायची आणि मग जमिनीवरून वर चढणारी गरम हवा शोधत घारीसारखं फिरत राहायचं. आमचे हे कॉलेजात असताना पुण्याला ते शिकले होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. मी विचारलं, "आणि वरची हवा संपली तर?" म्हणाले, "हवा कधी संपत नसते. चढणारी नसली तर आपण हळूहळू उतरतो." मी म्हटलं, "आणि हळूहळू नाही उतरलो तर?" त्यावर त्यांनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. अडचणीचा प्रश्न आला की हा माणूस पेन्सिलीला टोक करतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्याकडच्या एका क्लबानं जुनं, दोन सीटांचं लाकडी ग्लायडर मोडीत काढलं आणि ते एका ट्रकमधून, तुकड्या-तुकड्यांत, जालन्यात आलं. यांच्या एका मित्राचं मोटार गॅरेज होतं. त्याच्याच मागं कधीकाळी सरकी भरायचं गोदाम होतं, ते रिकामं होतं. तिथं तो सांगाडा उतरला. मी पाहायला गेले तेव्हा एका पंखातून उंदीर निघून पळाला. जुना गोंद नासवलेल्या दुधाच्या साक्यापासून केलेला होता, ओल लागून त्याचा भुगा झाला होता. नखानं खरवडलं की फळी सुटून हातात येई. मी घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि म्हटलं, हे कधीच दुरुस्त होऊ देऊ नकोस.

देवानं ऐकलं नाही. उलट मलाच त्या कामाला लावलं.

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. ग्लायडरचे पंख आतून लाकडी फासळ्यांचे असतात आणि वरून सुती कापड ताणून बसवलेलं असतं. ते कापड प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्यानं शिवावं लागतं. पंख कडेवर उभा करायचा, एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरं. हातभर लांब सुई इकडून खुपसायची, पलीकडच्यानं ओढून घ्यायची, गाठ आवळून परत पाठवायची. पलीकडे माझ्या सासूबाई असत. त्यांना मी आत्याबाई म्हणे. पिंपळगाव रेणुकाईकडच्या. तरुणपणीच नवरा गेला, एकुलत्या एका पोराला त्यांनी शेतात राबून वाढवलं होतं. वाकळ शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या दृष्टीनं पंख म्हणजे लांबडी वाकळच.

"सुनबाई, दोरा ढिला सोडून राह्यली तू," पंखापलीकडून आवाज येई. "आवळ. माह्या लेकराचा जीव हाय ह्याच्यात."

मला का तो कमी होता? प्रत्येक टाका घालताना मनात येई, हाच सुटणार. मग मी तो उसवून पुन्हा घाली. हे हसत म्हणत, "तू भितेस ना, म्हणून तुझे टाके सरळ येतात." मला इतका राग येई की सुई त्यांच्याच दंडात खुपसावी. पण शिवत राहिले. नवरा उडणारच असेल तर निदान कापड तरी माझ्या हातचं असू दे, एवढाच विचार.

आत्याबाईही भीत होत्या, पण त्यांची रीत वेगळी. माझी भीती तोंडावाटे बाहेर यायची, त्यांची हातावाटे. मी प्रश्न विचारून डोकं उठवी. त्या उपास धरत, मीठ-मोहरी उतरवत, रेणुकाईला ओटी भरत. एकदा वाती वळत त्या गोदामात बसल्या होत्या. पोराला म्हणाल्या, "का रं, ह्याच्यात मेन काय?"

यांना कुणी असं विचारलं की मोठा आनंद. आईला हाताला धरून पंखापाशी नेलं. खालच्या अंगाला हात जाईल एवढं झाकण ठेवलेलं होतं, ते उघडून आतलं जाड लाकूड दाखवलं. "माय, ही तुळई. घराला असती तशी. कापड फाटलं तरी चालंल, फासळी मोडली तरी चालंल, पण ही गेली की खेळ खलास. सगळा जीव हिच्यात."

आत्याबाईंनी आत हात घालून ती तुळई चाचपली. "बराबर," म्हणाल्या आणि पुन्हा वातींकडे वळल्या.

त्यानंतर बरेच दिवस त्या बाजारातून येताना टांगा स्टँडवरून वळसा घालून येत. मला वाटे, पाय मोकळे करत असतील. त्यांना हवी होती काळ्या घोड्याची नाल. तीही अशी-तशी नाही. काढलेली चालत नाही, घोड्याच्या पायातून आपोआप पडलेली पाहिजे, आणि घरी आणायची ती शनिवारी. आमच्याकडे नव्या घराच्या उंबरठ्यावर अशी नाल ठोकतात, नजर आत येत नाही म्हणून. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा त्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला सांगून ठेवून वाट बघत होत्या.

ग्लायडर पुरं व्हायला काही वर्षं गेली. नव्वद उलटलं होतं. मुंबईहून तपासणीचे साहेब आले, आरसा आणि बॅटरी घेऊन झाकणांतून आत पाहिलं, ठोकून-वाजवून पाहिलं, आणि उडायची परवानगी देऊन गेले. पावसाळा सरला होता. आत्याबाईंनी मुहूर्त सांगितला, दसरा.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. यांनी पाना-पक्कड मांडली, मी कात्री आणि ती लांब सुई ठेवली. पंख अजून जोडायचे होते, दोन लाकडी घोड्यांवर पालथे ठेवलेले. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. जेवणं झाल्यावर हे आणि गॅरेजवाले मित्र माळावर गेले, तार ओढायचं यंत्र बसवायला. मी शाळेतल्या पूजेला गेले. गोदामात आत्याबाई एकट्या होत्या. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता त्या घरून पदराखाली घेऊन आल्या होत्या, पण मला काय माहीत.

दसऱ्याच्या सकाळी भोकरदन रोडकडच्या एका मुरमाड माळावर ग्लायडर जोडलं. हे पुन्हा-पुन्हा पिना तपासत होते. झाकणांच्या आत आदल्या दिवशी पूजेआधीच पाहिलेलं होतं, ती आता बंद. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जमली होती, हातात आपट्याची पानं. बिनइंजिनाचं इमान उडणार म्हणून पोरंसोरं बैलगाड्यांवर चढून बसली होती. माळाच्या पलीकडच्या टोकाला ट्रकचं जुनं इंजिन लावलेला ढोल होता, त्यावर तार गुंडाळायची. तिथं गॅरेजवाले मित्र बसणार. ते घरी उर्दू बोलत, आमच्याशी त्यांची मराठी. जाता जाता मला म्हणाले, "भाभी, तुमचा चेहरा बघून मलाच डर लागून राह्यला. हसा जरा."

माझं काम पंखाचं टोक धरायचं. ग्लायडरला एकच चाक, त्यामुळं ते एका कुशीवर कलंडतं. कुणीतरी टोक धरून पंख सपाट ठेवायचा, तार ताणली की चार पावलं पळायचं आणि सोडून द्यायचं. मी धरलं. माझे तळवे इतके ओले झाले होते की टोक सटकेल असं वाटलं. तार सरळ झाली, धक्का बसला, मी पळाले, आणि हातातून पंख आपणहून उचलला गेला. पुढच्या क्षणी ते नाकासमोर आभाळ धरून चढत होतं. मी डोळे गच्च मिटले. लोकांचा आरडाओरडा झाला तेव्हा उघडले. तार खाली पडत होती आणि ग्लायडर वर मोकळं फिरत होतं. काही आवाज नव्हता त्याला. मला रडू फुटलं.

आत्याबाई माझ्याजवळ आल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. "उगी, उगी. काहीच व्हणार न्हाई त्याला. म्या बंदोबस्त केलाय."

"कसला?"

त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "नाल ठोकली काल. काळ्या घोड्याची. तो हसला असता म्हून सांगितलं न्हाई. उंबरठा तर न्हाई त्या इमानाला. मंग त्यानंच दावलं व्हतं ना, सगळा जीव कशात हाय ते. त्या तुळईलाच ठोकली, चांगले चार खिळे मारून."

मला आधी नीट कळलंच नाही. मग यांचं सगळं बोलणं एकदम आठवलं. त्या लाकडाला एक जादा भोक पडू नये म्हणून हा माणूस किती जपे! वाळलेलं, सरळ रेषांचं लाकूड. त्यात खिळा गेला की रेषेरेषेनं चिरत जातं. आणि वर वळताना सगळा भार त्याच्यावरच येतो. वर पाहिलं तर हे एका घारीच्या मागं गिरक्या घेत होते, पंख चांगला तिरपा करून. लोक टाळ्या वाजवत होते. आत्याबाई माझ्याकडं बघून हसत होत्या, आता तरी सून शांत होईल म्हणून.

त्यांना काय सांगू? तुमच्या हातानंच घात झाला, असं सांगू? मी नुसती मान हलवली. "बरं केलंत," असं म्हटलंसुद्धा. मग पाय लावून पळाले.

मित्र ढोलाकडून मोटारसायकलवर येतच होते. मी धापा टाकत सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "या अल्ला! क्या करना बोलो जल्दी!"

वर सांगायचं कसं? रेडिओ नव्हता. माळावर आम्ही पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या अंथरत असू, माझ्या पंखांच्या कापडातल्याच उरलेल्या. त्यांवरून वारा कुठून आहे ते वरच्याला कळे. आणि त्याच पट्ट्या फुलीसारख्या टाकल्या तर अर्थ, उतरू नको, माळावर गुरं शिरलीत. एवढ्या दोनच खुणा आम्ही ठरवल्या होत्या. लवकर खाली ये, अशी खूणच नव्हती. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले होते, "ग्लायडरला बोलवायला लागत नाही गं, ते आपणहून येतं."

मित्र घाबरून पट्ट्यांकडं धावले आणि फुली करू लागले. काहीतरी धोका आहे एवढं तरी कळेल, असं त्यांच्या मनात असावं. मी जाऊन पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. "नका! फुली दिसली तर ते उतरायचेच नाहीत!" भर माळावर आम्ही दोघं एका पट्टीला दोन्हीकडून ओढत होतो. लोकांना गंमत वाटली. कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी मित्रांनी पट्टी सोडली आणि तिथंच मुरमावर बसले. माझ्या आयुष्यात मी इतकी हतबल कधी झाले नाही. पट्टी होती तशी सरळ केली आणि वर बघत उभी राहिले. आता डोळे मिटायचीही भीती वाटत होती. मी पाहत राहिले तर पंख धरून राहील, असं काहीतरी वेड्यासारखं मनात होतं. रेणुकाईला म्हटलं, आता याच्यापुढं मी काही मागणार नाही.

आणि वळता वळता ग्लायडर एकाएकी सपाट झालं. गिरक्या थांबल्या. नाक माळाकडं वळलं आणि ते सरळ, जपून, जणू डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखं खाली येऊ लागलं. चाक टेकलं. मुरमाचा धुरळा उडाला. पंख कलंडला तेव्हा मी टोकाशी पोचलेली होते.

हे उतरले ते तडक पंखाखाली गेले आणि झाकण उघडलं. आत नाल एका खिळ्यावर लोंबकळत होती. बाकीचे खिळे निसटून पडले होते. त्यांच्या भोकांतून लाकडाच्या रेषेनं वीतभर चीर गेली होती. मला म्हणाले, "वळताना ठणठण आवाज यायला लागला. सपाट केलं तरी थांबेना. म्हणून उतरलो." मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या भाकरतुकडा घेऊन लगबगीनं येत होत्या. यांनीही माझ्या नजरेमागून पाहिलं आणि यांना सगळं कळलं. झाकण लावून टाकलं.

आत्याबाईंनी तुकडा ओवाळून लांब फेकला. पोराच्या गालांवरून बोटं मोडली. "नालीनं राखलं ना रं?"

"व्हय माय," हे म्हणाले. "तिनंच उतरवलं मला."

खोटं नव्हतं ते. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पंख पुन्हा उघडावा लागला. चिरलेला भाग कापून तिरका जोड देऊन नवं लाकूड बसवायचं, आणि सगळा गोंद नव्या, ओल न धरणाऱ्या विलायती पद्धतीचा. काम लांबलं. आत्याबाईंना आम्ही सांगितलं की कागदपत्रं अडकलीत. त्या काही विचारीनात. मात्र गल्लीत, देवळात, येईल त्या पाहुण्याला त्या नालेची कथा सांगत. मी शेजारी बसून माना डोलवी आणि आतून चरकत असे. कुणी जाणता निघाला आणि पटकन बोलून गेला, तर? ही म्हातारी मग जगेल का? आकाशातली भीती संपली तर ही घरातली सुरू झाली होती.

पुढच्या साली कापड पुन्हा शिवायला घेतलं. पंख कडेवर उभा, अलीकडे मी, पलीकडे त्या. सुई जात होती, येत होती. मधल्या झाकणापाशी आलो तेव्हा सुई पलीकडे गेली ती परत येईना.

"सुनबाई." आवाज अगदी बारीक. "माह्या खिळ्यानंच चिरलं ना?"

मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्यांना माझं. मी म्हटलं, "नाही हो आत्याबाई. लाकूडच जुनं होतं."

"खोटं नको बोलू. जन्म गेला वाकळी शिवण्यात. नवं ठिगळ कुठं लावलंय ते कळत न्हाई का मला?"

पलीकडे त्या रडत होत्या का, ते कळेना. बऱ्याच वेळानं सुई आली, दोरा नीट आवळलेला. "त्याला सांगू नको, मला कळलं म्हून," त्या म्हणाल्या. मी नाही सांगितलं.

साहेब पुन्हा आले. या वेळी पंखावर वाळूची पोती रचून तो किती भार सोसतो ते पाहिलं आणि समाधानानं गेले. उडायच्या दिवशी हे आपल्या शेजारच्या सीटवर वजनासाठी एक पोतं बांधत होते. आत्याबाई पुढं आल्या. हातात ना हळद-कुंकू, ना लिंबू. "काढ ते पोतं," म्हणाल्या.

"काऊन?"

"मी बसते."

हे हसले. "माय, पहिली फेरी हाय. बिलकुल न्हाई."

"ठोकली म्या," आत्याबाई म्हणाल्या. "मंग बसन बी मीच."

हे त्यांच्याकडं पाहतच राहिले. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. यांनी पोतं सोडलं, आईला हात देऊन वर चढवलं आणि पट्टे आवळले. पदर डोक्यावरून घेऊन, कानामागं खोचून त्या ताठ बसल्या. चेहऱ्याचा रंग उडाला होता. माझ्या सासूला मी एवढी घाबरलेली कधीच पाहिली नव्हती.

मी टोक धरलं. माझी दोन्ही माणसं त्या एका लाकडावर बसली होती. तार ताणली, मी पळाले, आणि सोडलं. सोडावंच लागतं.

ते वर गेलं, फिरलं, उतरलं. मी धावत गेले तेव्हा हे आईचे पट्टे सोडत होते. त्या खाली उतरून मुरमावरच बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"वरून पाह्यलं मी तुला," म्हणाल्या. "येवढ्या मोठ्या माळावर येवढीशी. एकटी. वर तोंड करून हुभी. माही न्हाई गं माय, मला तं तुहीच भीती वाटली."